पंडिता रमाबाई : इब्री भाषेतून मराठीत आलेला देवशब्द



पुण्याहून सोलापूरच्या दिशेने निघालेली गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव स्थानकावर थांबते. आपल्यापैकी अनेकांनी या मार्गाने प्रवास केला आहे. काहींचे नातेवाईकही त्या भागात आहेत. त्या गावात एका मराठी स्त्रीने इब्री आणि ग्रीक या मूळ भाषांतून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले, ही गोष्ट मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पंडिता रमाबाईंचे नाव शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत आहे, पण ते समाजसुधारक म्हणून. आज आपण त्यांच्याकडे पवित्र शास्त्राची अभ्यासक म्हणून पाहू या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा अँग्लिकन ख्रिस्तसभेत झाला आणि पुढे त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. तरीही कॅथलिक धर्मग्रामाच्या पत्रिकेत त्यांची आठवण का करावी, हे लेख वाचून झाल्यावर आपल्या लक्षात येईल.

शास्त्र नाकारलेली शास्त्री

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्या काळी हा मोठा अपराध समजला गेला आणि लोकांचा रोष झाला. म्हणून त्यांनी रानात जाऊन घर केले. तेथे आईने पहाटे उठवून मुलीला संस्कृत शिकवले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरू लागले. भागवत रमाबाईंना तोंडपाठ होते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तेथील विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण एवढी विद्वत्ता असूनही वेद वाचण्याचा अधिकार स्त्री म्हणून आपल्याला नाही, हे त्यांना सतत जाणवत होते. ज्या शास्त्रांवर त्यांचे प्रेम होते, तीच शास्त्रे त्यांना दाराबाहेर उभे करत होती. केशवचंद्र सेनांनी त्यांना वेद वाचायला दिले तेव्हाही त्या प्रथम बिचकल्या.

१८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. सिल्चर येथे घरात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. प्रभुशब्दाशी त्यांची ही पहिली खरी भेट. १८८२ मध्ये पती पटकीने वारले. तेविसाव्या वर्षी वैधव्य आले आणि पदरी लहानगी मनोरमा होती.

पुणे ते वँटेज

त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली. याच पुण्यात पंचहौद मिशनच्या अँग्लिकन धर्मभगिनींशी आणि फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांची ओळख झाली. गोरे हे मूळचे नीलकंठशास्त्री गोरे. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याशी श्रद्धेबद्दल बोलावे तसे त्यांचे बोलणे झाले असणार.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला वँटेज येथील धर्मभगिनींकडे गेल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यावे अशी इच्छा होती, पण ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही. लंडनमधील फुलम येथे या भगिनींनी वाट चुकलेल्या स्त्रियांना आधार देणारे घर चालवले होते. ते पाहून रमाबाई हलून गेल्या. अशा स्त्रियांवर इतकी माया का, असे त्यांनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट दाखवण्यात आली. प्रभू येशू त्या बाईला दोष देत बसला नाही. विहिरीच्या काठावर बसून तो तिच्याशी थेट धर्मशास्त्र बोलला. ज्या स्त्रीला शास्त्र ऐकण्याचा अधिकार नव्हता, तिलाच त्याने सर्वात मोठे सत्य सांगितले. रमाबाईंच्या मनातील प्रश्नाला येथे उत्तर मिळाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

मात्र बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्रैक्याविषयी, ख्रिस्तसभेच्या अधिकाराविषयी त्यांनी वँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कडक वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून दुसऱ्याचे मानेवर घ्यायला आपण आलेलो नाही, असा त्या पत्रांचा सूर आहे. मी स्वतः धर्मगुरू असल्याने हा सूर मला टोचतो. ख्रिस्तसभेची शिकवण हे जोखड नव्हे, ती आईची शिकवण आहे, असे मी मानतो. पण आपले बोलणे लोकांना आईच्या मायेचे वाटते की पुरोहिताच्या हुकमाचे, हा प्रश्न रमाबाई आम्हा धर्मगुरूंना अजून विचारत आहेत आणि तो विचारण्याचा त्यांना हक्क आहे.

पुढची हकीकत आपल्याला साधारण माहीत आहे. अमेरिकेचा प्रवास, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना, १८९० मध्ये ते पुण्याला हलवणे, धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये उठलेले वादळ. त्यानंतर १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून शेकडो उपाशी मुली आणल्या. केडगावचे मुक्ती मिशन अशा रीतीने उभे राहिले. तेथे शाळा होती, शेती होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता आणि छापखानाही होता.

मूळ भाषा कशाला शिकायची?

मराठीत बायबल त्याआधीपासून होते. सेरामपूरला विल्यम केरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने नवा करार १८११ मध्ये छापला होता आणि पुढे बायबल सोसायटीचे भाषांतर घरोघरी गेले. त्याहीपूर्वी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापून ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले होते. मग रमाबाईंना नवे भाषांतर कशाला हवे होते?

कारण त्यांच्यासमोर बसलेल्या मुली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, खेड्यातली बोली बोलणाऱ्या या मुलींना प्रचलित भाषांतर समजत नव्हते. त्यात संस्कृत शब्दांची गर्दी होती. शिवाय जड संस्कृत शब्दांना आधीचे धार्मिक अर्थ चिकटलेले असतात आणि वाचणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो, हे रमाबाईंइतके कोणाला कळणार? येथे त्यांचे मोठेपण दिसते. ज्या संस्कृतने त्यांना ‘पंडिता’ केले, तेच संस्कृत त्यांनी गरीब मुलींसाठी बाजूला ठेवले. आपल्याजवळ जे सर्वात मौल्यवान आहे ते दुसऱ्यासाठी खाली ठेवणे, याला संत पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताचे मन म्हणतो.

पण सोपे करायचे तर मूळ अर्थ पक्का माहीत हवा. इंग्रजीवरून मराठी केले तर दोनदा गाळलेले पाणी मिळते. म्हणून त्या मूळ इब्री आणि ग्रीक पाठाकडे वळल्या. शेकडो मुलींचा संसार डोक्यावर, कान अधू, वय चाळिशीच्या पुढचे आणि समोर उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी बावीस व्यंजनांची परकी लिपी! आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी या कामाला दिली. नवा करार त्यांच्या हयातीतच छापला गेला. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली.

इब्री भाषा आपल्या प्रांतालाही अगदी परकी नव्हती. कोकणातील बेने इस्रायल लोक, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत, ते शतकानुशतके मराठी बोलत आले. त्यांच्यासाठी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत इब्री व्याकरण मराठीत छापले. पुढे त्याच समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) या विद्वानांनी इब्री प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आपल्या पुण्यात कॅम्पातील लाल देवळात इब्री प्रार्थना आजही होतात. प्रभू येशू, पवित्र मरिया आणि प्रेषित याच स्तोत्रांनी प्रार्थना करीत असत, हे त्या देवळावरून जाताना आठवावे.

इब्रीचे चार शब्द

मूळ भाषेने काय फरक पडतो, हे चार शब्दांवरून पाहू. रमाबाईंनी प्रत्येक ठिकाणी कोणता मराठी शब्द वापरला हे येथे सांगायचे नाही. अशा शब्दांशी रोज झुंजणाऱ्या माणसाला काय दिसते, एवढेच दाखवायचे आहे.

*कोर्बान.* इब्रीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून होतात, जसे संस्कृतात धातूपासून होतात. अरबी ही इब्रीची बहीण आणि अरबीतले शब्द फारसीमार्गे मराठीत आले. त्यामुळे इब्रीचे काही नातलग आपल्या घरातच आहेत. आपण ‘किताब’ म्हणतो, इब्रीत ‘काथाव’ म्हणजे लिहिणे. आपण ‘सलाम’ म्हणतो, इब्रीत ‘शालोम’. आपण ‘कुर्बानी’ म्हणतो, लेवीयाच्या पुस्तकात अर्पणाला ‘कोर्बान’ म्हटले आहे. या शब्दाच्या मुळाशी ‘जवळ येणे’ हा अर्थ आहे. म्हणजे अर्पण हा देवाला दिलेला कर नव्हे, ते देवाजवळ जाणे आहे. पवित्र मिस्सेला येताना हा अर्थ मनात ठेवला तर दानपात्रात काय टाकतो यापेक्षा आपण किती जवळ येतो हे महत्त्वाचे ठरते.

*रहामीम.* याचा अर्थ दया, कळवळा. हा शब्द ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. शलमोन राजापुढे दोन बायका एका बाळासाठी भांडत आल्या. बाळाचे दोन तुकडे करा असे राजाने म्हणताच खऱ्या आईचे ‘रहामीम’ पेटले, असे मूळ पाठ सांगतो. मराठीत आपण म्हणतो, पोटात तुटले, आतडे पिळवटले. इंग्रजीपेक्षा मराठी येथे इब्रीच्या जवळ आहे! यशया संदेष्टा ४९ व्या अध्यायात देवाच्या प्रेमाची तुलना पोटच्या पोराला न विसरणाऱ्या आईशी करतो, तेथेही हेच मूळ आहे. शेकडो पोरक्या मुलींची आई झालेल्या रमाबाई या ओळीपाशी आल्या असतील तेव्हा त्यांना शब्दकोशाची फार गरज पडली नसेल.

*नेफेश.* याचे भाषांतर पुष्कळदा ‘आत्मा’ असे होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ग्रीक विचार शिकलो. त्यात आत्मा वेगळा, देह वेगळा आणि देह जणू आत्म्याचा तुरुंग. इब्री माणूस असे तुकडे करत नाही. ‘नेफेश’ म्हणजे गळा, श्वास, भूक, तहान, प्राण, संपूर्ण जिवंत माणूस. ६९ व्या स्तोत्रात भक्त म्हणतो की पाणी माझ्या ‘नेफेश’पर्यंत आले आहे. आपण नेमके तेच म्हणतो, पाणी गळ्याशी आले. मराठीत याला ‘जीव’ हा शब्द किती चपखल बसतो पाहा. जीव कासावीस होतो, जीव लावतो, जीव तहानेने व्याकूळ होतो. देवाला आपला फक्त आत्मा तारायचा नसून सगळा जीव तारायचा आहे. म्हणूनच मुक्ती मिशनमध्ये उपासनेइतकेच धान्याच्या कोठाराला महत्त्व होते.

*दाबार.* याचा अर्थ शब्द, पण त्याचबरोबर घटना, गोष्ट, कृत्यही. ग्रीक ‘लोगोस’मध्ये विचार, बुद्धी, अर्थ यांवर भर आहे. इब्री ‘दाबार’ बोलला की घडतो. देव ‘प्रकाश होवो’ म्हणतो आणि प्रकाश होतो. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी ‘लोगोस’ हा ग्रीक शब्द घेतला, पण त्याच्या मागे ‘दाबार’ उभा आहे. तो शब्द देहधारी झाला, म्हणजे घडला. जो शब्द माझ्या आयुष्यात काहीच घडवत नाही, तो मी अजून ऐकलेलाच नाही.

आणि हो, इब्री भाषा आपण सगळेच थोडी थोडी बोलतो. आमेन, हालेलुया, होसान्ना हे शब्द दर रविवारी आपल्या ओठांवर असतात. भाषांतरकारांनी ते तसेच ठेवले. पोथीचे सगळेच भाषांतर होत नाही, काही तसेच जिभेवर ठेवावे लागते, हे आपली उपासना शिकवते.

संत जेरोम, संत पॉला आणि रमाबाई

ख्रिस्तसभेत हे काम करणारा सर्वात मोठा माणूस म्हणजे संत जेरोम. त्याच्या काळी बायबलचे लॅटिन पाठ पुष्कळसे ग्रीकवरून केलेले होते. जेरोमने जुन्या करारासाठी इब्री गाठली. यहुदी शिक्षकांकडे बसून तो ती शिकला आणि बेथलेहेममध्ये राहून त्याने हे काम केले. त्याबद्दल त्याला टीकाही सोसावी लागली. ३० सप्टेंबर ४२० रोजी त्याचे निधन झाले. पुढे त्याचेच भाषांतर पश्चिमेकडील ख्रिस्तसभेचे बायबल झाले.

जेरोमसोबत बेथलेहेमला गेलेली संत पॉला आपण विसरतो. ती रोममधील खानदानी विधवा होती. ती इब्री अशी शिकली की स्तोत्रे मूळ भाषेत म्हणताना तिच्या उच्चारात लॅटिनचा वास येत नसे, असे जेरोमने नोंदवून ठेवले आहे. तिची मुलगी युस्तोखियमही इब्री शिकली. विधवा आई, तिची मुलगी, आश्रमासारखे घर आणि मूळ शास्त्राचा ध्यास. दीड हजार वर्षांनी केडगावला हेच पुन्हा घडले.

आपली ख्रिस्तसभा या बाबतीत सावकाश चालली. पोप बारावे पायस यांनी १९४३ मध्ये मूळ भाषांच्या अभ्यासाला मोठी चालना दिली. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये देवशब्दाविषयीच्या आपल्या लेखात शिकवले की सर्व श्रद्धावंतांना पवित्र शास्त्र सहज हाती लागावे, भाषांतरे शक्यतो मूळ पाठावरून व्हावीत आणि इतर ख्रिस्ती बांधवांबरोबर मिळूनही हे काम करता येईल. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून ठरवून दिला. आपल्या मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. २०२४ मध्ये ते प्रभूकडे गेले. विश्वपरिषदेने जे सांगितले, त्यातील बरेचसे केडगावच्या एका विधवेने सुमारे साठ वर्षे आधी सुरू केले होते.

फळ कोणी पाहिले?

आता शेवटची आणि मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. १९२१ मध्ये मनोरमा वारली. तिचे वय अवघे चाळीस. आईचे काम तीच पुढे नेणार होती. त्या आघातानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटपर्यंत हे काम चालू होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगावला देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये. त्यांनी ते पूर्ण बांधलेले हातात धरले नाही.

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. इतक्या कष्टाने केलेले हे भाषांतर महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळ्यांत रूढ झाले नाही. लोक आधीच्याच भाषांतराला सरावलेले होते. मग रमाबाईंची पंधरा वर्षे वाया गेली का?

जगाच्या हिशेबाने कदाचित हो. पण मोशेला नबो डोंगरावरून देश दिसला, आत जाता आले नाही. त्याची चाळीस वर्षे वाया गेली असे आपण म्हणत नाही. रमाबाईंनी ज्या मुलींना समोर ठेवून काम केले, त्यांनी ते खिळे एकेक करून जुळवले. ज्यांना कोणी अक्षर शिकवले नसते त्यांच्या बोटांखालून उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत देवशब्द गेला. ज्या देशात स्त्रीला शास्त्र ऐकू देत नव्हते, तेथे स्त्रीने शास्त्र भाषांतरले, स्त्रियांनी ते छापले आणि स्त्रियांनी ते वाचले. हा ‘दाबार’ आहे, घडलेला शब्द.

प्रिय धर्मग्रामवासीयांनो, आज मराठी बायबल दुकानात मिळते, मोबाइलवर मिळते. आपल्या घरातही ते आहे. बहुधा शोकेसमध्ये, लग्नात भेट मिळाले तसेच, कोऱ्या पानांचे. रमाबाईंनी पोटच्या मुलीच्या मृत्यूनंतरही जे सोडले नाही, ते आपण उघडतही नाही. इब्री शिकायला मी तुम्हाला सांगत नाही. दररोज दहा ओळी मराठीत वाचा, एवढेच सांगतो. आणि घरातल्या आजीला डोळ्यांनी दिसत नसेल तर तिला वाचून दाखवा.

मननासाठी व कुटुंबात चर्चेसाठी

१. यशया ४९:१३-१६ आणि १ राजे ३:१६-२८ हे उतारे एकत्र वाचा. ‘पोटात तुटणे’ म्हणजे काय, हे आपण कोणाच्या बाबतीत अनुभवले आहे?

२. रमाबाईंनी गरिबांसाठी आपले संस्कृत बाजूला ठेवले. प्रभुशब्द दुसऱ्यापर्यंत पोचावा म्हणून मला काय बाजूला ठेवावे लागेल? माझा मान, माझी भाषा, माझा वेळ?

३. आपल्या लहान ख्रिस्ती समूहात वाचन नेहमी तेच दोघे-तिघे करतात का? ज्यांना वाचायला संकोच वाटतो त्यांना आपण कशी मदत करू?

४. इतर पंथांतील ख्रिस्ती शेजाऱ्यांसोबत बसून एकदा तरी बायबल वाचता येईल का?

प्रार्थना

हे प्रेमळ पित्या, तू आमच्याशी आमच्या भाषेत बोलतोस. ज्यांनी आपले आयुष्य झिजवून तुझा शब्द आमच्या ओठांपर्यंत आणला, त्या सर्वांना, तुझी सेविका रमाबाई हिला आणि तिच्या कन्येला, तुझ्या सान्निध्यात शांती दे. आमच्या घरातील बंद पुस्तक उघडायला आम्हाला सांग आणि उघडल्यावर जे ऐकू येईल ते आमच्या जीवनात घडू दे. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.

तुमचे धर्मगुरू